वीस गुंठे सर्वांचे कसे होतात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या उपनगरात आपल्या भागात महापालिकेच्या ताब्यात आलेला साधारण २० गुंठ्यांचा मोकळा भूखंड आहे. त्याच्या एका अंगाला तीन सोसायट्या, दुसऱ्या अंगाला सत्तर-ऐंशी घरांची वस्ती, समोर भाजीच्या पथाऱ्या लागतात तो रस्ता आणि कोपऱ्यात पार बांधलेला जुना पिंपळ आहे. तयार झालेल्या मसुद्यात उंच सीमाभिंत, हिरवळ, कारंजे, ओपन जिम आणि जॉगिंग ट्रॅक दाखवला आहे. ही जागा सर्वांची व्हावी असे आपल्या रहिवासी संघाला वाटते आणि ती सुरक्षित राहावी असेही वाटते, परंतु या दोन इच्छांवरून बैठकीत सरळ दोन तट पडले आहेत. सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे.

मी गेली २८ वर्षे लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून काम करीत आले आहे. या काळात बागा, नदीकाठ, बाजारातले चौक, शाळांची पटांगणे असे बरेच काही आखले. त्यांतील ज्या जागा चालल्या त्यांच्या यशात माझ्या आराखड्याचा वाटा मला वाटला होता त्याहून कमी निघाला, आणि ज्या ओस पडल्या त्यांत मात्र माझी चूक बोट ठेवून दाखवता येते. म्हणून माझे पहिले सांगणे असे की इतक्यात कागदावर रेघ ओढू नका. आपल्या पत्रात एक वाक्य आहे, ‘सध्या ती जागा नुसती पडून आहे.’ माझा अनुभव असा की शहरातली २० गुंठे जागा कधीही नुसती पडून नसते. तिथे कोणीतरी वाळवण घालते, कोणी दुपारी पडते, कोणी टेम्पो लावतो, कोणाची शेळी चरते, आणि संध्याकाळी तीन दगड मांडून मुले क्रिकेट खेळतात. हे लोक आपल्या बैठकीत नाहीत, एवढाच ‘पडून आहे’ या शब्दांचा अर्थ आहे.

तेव्हा आधी दोन आठवडे नोंद करा. कामाचे चार दिवस आणि शनिवार-रविवार धरून सकाळी सहा, सकाळी नऊ, दुपारी बारा, दुपारी तीन, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ अशा सहा वेळांना कोणीतरी एकाने पंधरा मिनिटे तेथे बसावे आणि भूखंडाच्या हाताने काढलेल्या नकाशावर खुणा कराव्यात: कोण आहे, बाई की पुरुष, वय अंदाजे किती, बसले आहे की उभे की नुसते ओलांडून जात आहे, आणि त्या क्षणी सावली कोठे पडली आहे. पायवाटा जरूर टिपा. लोकांच्या पायांनी पडलेली वाट सहसा चुकत नाही, आणि ती बुजवून आखलेला वळणावळणाचा ट्रॅक वर्षभरात गवताखाली जातो. शक्य झाले तर एक फेरी भर पावसात मारा, म्हणजे पाणी कोठे तुंबते हे सर्वेक्षणाच्या नकाशाहून नीट कळेल.

दुपारी बाराची वेळ मी मुद्दाम घातली आहे, आणि तिच्यामागे माझी स्वतःची एक फसगत आहे. सुमारे २० वर्षांपूर्वी एका उपनगरात अशाच एका भूखंडावर आम्ही बाग केली. जागेवर करंजाची पाच मोठी झाडे होती, ती आम्ही जपली याचा मला फार अभिमान होता. आमच्या पाहण्या सकाळी दहाच्या आत उरकत, नागरिकांची सभा रविवारी संध्याकाळी झाली आणि बाग ठरल्या वेळेत उघडली. वर्षभराने भर दुपारी त्या रस्त्याने जाणे झाले तेव्हा बागेला कुलूप होते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच सार्वजनिक बागांप्रमाणे तीही सकाळी अकराला बंद होऊन चारला उघडे. बाहेर, आम्हीच बांधलेल्या सीमाभिंतीला टेकून, विजेच्या डीपीजवळ सात-आठ बायका डबे उघडून बसल्या होत्या. त्या आसपासच्या इमारतींत घरकाम करीत. सकाळची कामे संपल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्यापूर्वी मधले तीन तास त्या कित्येक वर्षे त्याच करंजांखाली काढीत आल्या होत्या. भिंतीची सावली त्या वेळी वीतभर होती. मी बाग आखणारी म्हणून ओळख सांगितल्यावर त्यांच्यातली एक एवढेच म्हणाली, ‘झाडं तुम्ही आत घेतली.’

दुपारी बाग का बंद ठेवतात, याचे पटणारे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. कधी झाडलोट, कधी ‘नको ते लोक येतात’, आणि बहुतेक वेळा ‘पूर्वीपासून तसेच आहे’. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सावलीची खरी गरज ज्या चार-पाच तासांत असते, नेमके तेच तास आपण कुलपात घालतो. रिक्षाचालक, घरपोच सामान पोचवणारी मुले, बांधकामावरचे मजूर, रुग्णालयात भरती असलेल्या माणसाचे नातेवाईक, ज्यांच्या घरावर पत्रा आहे ती म्हातारी माणसे, या सर्वांना बाग हवी असते ती तेव्हाच. आपल्या संघाने एकच मागणी लेखी द्यायची ठरवली, तर ती कारंजे रद्द करण्याची नसून दुपारी दार उघडे ठेवण्याची असावी.

नोंदी हातात आल्या की दिसलेल्यांइतकाच न दिसलेल्यांचाही विचार करा. बारा ते अठरा वयाच्या मुली बहुधा दिसणार नाहीत. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात बागांची अशीच पाहणी झाली, तेव्हा साधारण नऊ वर्षांनंतर मुलींचे बागेत येणे झपाट्याने कमी होते असे आढळले. मोकळे मैदान एकच असले की ते मुलांच्या ताब्यात जाते आणि मुली तेथे हक्क सांगायला जात नाहीत. मग आइन्सीडलर पार्क आणि ब्रूनो क्रायस्की पार्क या दोन बागांची फेररचना करताना त्यांनी एका मोठ्या भागाचे अनेक लहान भाग केले, पायवाटा आणि प्रकाश सुधारला, आणि फुटबॉलखेरीज इतर खेळांना जागा दिली. मुली परत आल्या. आपल्या २० गुंठ्यांत क्रिकेट नीट बसतच नाही, म्हणून क्रिकेटपुरते रिकामे मैदान ठेवण्याच्या दडपणाला बळी पडू नका. मुलांसाठी जवळच्या शाळेचे पटांगण संध्याकाळी उघडून मिळते का, हे स्वतंत्रपणे पाहा. आपल्या जागेत जाळी बांधता येईल असा एक लहान चौकोन, दोन-तीन जणींना रस्त्याकडे तोंड करून बसता येईल असे कोपरे, आणि बाहेर पडायला एकाहून अधिक वाटा एवढे केले तरी फरक पडतो.

आता लोकांना विचारण्याविषयी. सभा भरवली की सभेला येणारेच येतात. वस्तीतल्या बायकांना भेटायचे तर रात्री साडेआठनंतर, भांडी आवरल्यावर, त्यांच्या गल्लीत जावे लागते. भाजीवाल्या मावशींना दुपारी दोन-तीनला थोडी उसंत असते. शाळकरी मुलांना शाळेत गाठावे, आणि मुलींशी मुलांच्या देखत बोलू नये. प्रश्न कोणता विचारायचा, याला फार महत्त्व आहे. ‘बागेत काय हवे?’ असे विचारले की माणसे कोठेतरी पाहिलेल्या बागेची यादी वाचून दाखवतात, आणि सेल्फी पॉइंट त्यात हमखास असतो. त्याऐवजी ‘काल दुपारी कुठे बसलात?’, ‘मुलाला कुठे खेळायला सोडता?’, ‘अंधार पडल्यावर कोणत्या बाजूने जाणे टाळता?’ असे विचारावे. उत्तरे लहान येतात, पण त्यांतून आराखडा होतो.

पहिला कच्चा विचार झाला की तो पडद्यावर दाखवू नका. नकाशा वाचणे हे शिकून येणारे काम आहे आणि न समजलेल्या नकाशाला लोक भिडेखातर मान हलवतात. आम्ही फक्कीचे, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या भुकटीचे, एक पोते, सुतळी आणि दहा-बारा बांबू घेऊन सगळा आराखडा जमिनीवरच पूर्ण मापाने आखतो आणि दोन दिवस तसाच ठेवतो. एका गावठाणात अशी आखणी केली तेव्हा एका आजोबांनी काठी टेकत फक्कीच्या वाटेवरून फेरी मारली आणि पिंपळापासून शौचालयापर्यंत मध्ये एकही टेकायची जागा नाही, हे सांगितले. भाजीवाल्या बाईने हातगाडी आणून वळवून दाखवली. ती वळली नाही. आमच्या कार्यालयातल्या चार पदवीधरांपैकी कोणालाही हे दोन्ही सुचले नव्हते. या सगळ्याला अगदी थोडा खर्च लागला.

‘समावेशक’ हा शब्द आपल्याकडे अलीकडे रुळला असला तरी त्यामागचा प्रश्न महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात असा सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही अस्पृश्य मानलेल्या समाजाला त्या तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चालत जावे लागले, मार खावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. दाराशी ‘सर्वांसाठी खुले’ असा फलक लावणे आणि सर्वांनी आत येऊन बसणे यांच्यामध्ये केवढे अंतर असू शकते, ते या चार सालांत दिसते. आज अडवणूक इतकी उघड नसते. पहारेकरी वस्तीतल्या मुलाला ‘कुठे राहतोस?’ असे विचारतो आणि सोसायटीतल्या मुलाला विचारत नाही, किंवा वस्तीच्या बाजूला दारच ठेवलेले नसते आणि मुलांना वळसा घालून सोसायट्यांच्या फाटकासमोरून यावे लागते. म्हणून आपल्या जागेला किमान तीन दारे ठेवा, त्यांतले एक वस्तीच्या बाजूला, आणि ते दार बाकीच्या दारांइतकेच रुंद आणि उजेडाचे असू द्या. तेथे कचराकुंडी येऊ देऊ नका. हे मुद्दाम सांगते, कारण ती नेहमी तेथेच येते.

सीमाभिंतीवरून आपल्याकडे तट पडले आहेत, तर त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. दादरचे शिवाजी पार्क आपण पाहिले असेल. १९२५ साली खुले झालेले हे सुमारे २८ एकरांचे मैदान भर वस्तीत आहे आणि त्याच्या भोवती उंच भिंत नाही, एक किलोमीटरहून लांब असा बुटका कट्टा आहे. त्या कट्ट्याकडे मी कित्येक संध्याकाळी नुसती पाहत बसले आहे. तो वाहनांना अडवतो आणि माणसांना अडवत नाही. त्यावर मैदानाकडे तोंड करून बसले की क्रिकेट दिसते, वळून बसले की रस्ता दिसतो, आणि त्यामुळे मैदानावर आणि रस्त्यावर दोन्हीकडे शेकडो डोळे असतात. तेथे बसायला काही विकत घ्यावे लागत नाही, कारण सांगावे लागत नाही आणि कोणाशी बोलावेही लागत नाही. एकटी बाई तेथे तासभर बसली तर कोणी वळून पाहत नाही. आपल्या शहरांत ही साधी गोष्ट नव्हे. धूळ, वाहनतळ, सभांचा आवाज अशा तेथील तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या कट्ट्यामुळे झालेल्या नाहीत.

आता आपल्या भूखंडाचे गणित करू. २० गुंठे म्हणजे जवळपास २,००० चौरस मीटर. आकार ४० बाय ५० मीटर धरला तर परीघ १८० मीटर होतो. दारांसाठी २० मीटर सोडले तरी १६० मीटर कट्टा मिळतो, आणि माणशी ६० सेंटिमीटर धरले तर एका वेळी २५० हून अधिक माणसे बसू शकतात. आपल्या मसुद्यात बाके १२ आहेत. कट्टा साधारण ४५ सेंटिमीटर उंच आणि तितकाच रुंद असावा, वर कडाप्पा किंवा घासलेला बेसॉल्ट असावा आणि दर काही अंतरावर त्याला पाठ आणि हाताला धरायला कठडा असावा, कारण गुडघे धरलेल्या माणसाला बसण्याहून उठणे कठीण जाते. ज्यांना उंच भिंतच हवी आहे त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. मुंबईत ओव्हल मैदान रहिवाशांच्या संघटनेने १९९० च्या दशकात न्यायालयात जाऊन दुरवस्थेतून सोडवले. तेथे कुंपण आहे आणि मैदान क्रिकेटने गजबजलेलेही असते. कुंपण घालायचेच असेल तर आरपार दिसणारे आणि कमरेच्या थोडे वर येणारे घाला. भरीव भिंतीने मात्र सुरक्षितता वाढत नाही, कारण तिच्याआड काय चालले आहे ते रस्त्यावरच्या कोणालाच दिसत नाही.

दारांविषयी एक कबुली द्यायची आहे. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून लोखंडी नळ्यांचे नागमोडी फाटक बसवण्याची पद्धत आहे. त्यातून व्हीलचेअर जात नाही, बाबागाडी जात नाही, आणि पोटुशी बाई अंग चोरून जाते. मग खांब बसवून मधे ९० सेंटिमीटर अंतर सोडावे तर स्कूटर आरामात आत येते. व्हीलचेअरला वाट देईल आणि स्कूटरला अडवील असे फाटक मला अजून सापडलेले नाही. उपाय दुसरीकडे आहे: दुचाकी लावायला दाराजवळ रस्त्याच्या बाजूला आखलेली जागा द्यावी आणि दार अशा ठिकाणी ठेवावे की जेथे सतत कोणीतरी बसलेले असते. चार आजोबांनी एकदा खडसावले की पोरे गाडी बाहेर लावतात.

आणि दाराशी सतत कोण बसलेले असते? आपल्या रस्त्यावरचे भाजीवाले, फुलवाल्या, चहावाला. मसुद्यात ‘अतिक्रमण हटवून सुशोभीकरण’ असे शब्द आहेत; ते आधी काढायला लावा. पथविक्रेत्यांविषयीचा २०१४ चा केंद्रीय कायदा परंपरेने भरत आलेला बाजार लक्षात घेण्यास सांगतो आणि शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांमधून निवडलेले असावेत, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे बंधन घालतो. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहाराची गोष्ट अशी की या मावशी सकाळी सातपासून रात्री साडेनऊपर्यंत तेथे असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखतात आणि हरवलेल्या मुलाला शेंग देऊन बसवून ठेवतात. इतका वेळ जागेवर राहणारा पहारेकरी कोणत्याही निविदेतून मिळत नाही. दर्शनी बाजूचा कट्टा दोन मीटर आत सरकवला तर पथारीला जागा होते, पदपथ मोकळा राहतो आणि गिऱ्हाईक रस्त्यात उभे राहत नाही. पदपथावर चालायला किमान १.८ मीटर अडथळाविरहित रुंदी हवी, असे इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचे निकष सांगतात. ती सोडून उरलेल्या जागेत हे बसते की नाही, ते फक्कीने आखून पाहा. ज्यांना हे पटत नाही त्यांना एका संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावर घेऊन जा. तेथे पदपथ रुंद करून बसायला आणि मुलांना खेळायला जागा ठेवल्या, त्या ठिकाणी कुटुंबेच्या कुटुंबे निवांत टेकलेली दिसतात. पदपथावर चढलेल्या दुचाकीही दिसतील; त्याही दाखवा.

आतल्या वस्तूंबद्दल फार लिहिणार नाही, कारण त्या सर्वांना सुचतात. हिरवळ कमी करा. ती पाणी खूप पिते आणि अखेर ‘हिरवळीवर चालू नये’ या पाटीपुरती उरते. झाडे मोठी सावली देणारी निवडा, पाम नकोत. करंज, कडुनिंब, बहावा, ताम्हण आपल्या हवेत चांगले वाढतात. कोणत्याही खोडाभोवती मीटरभर माती उघडी ठेवा. पिंपळाच्या पाराला सध्या सिमेंटचा कोबा असेल तर तो फोडून घ्या. उंच हायमास्ट दिव्याने डोळे दिपतात आणि झाडाखाली काळोख राहतो, म्हणून चार मीटर उंचीचे, पिवळसर उजेडाचे, संख्येने जास्त दिवे बरे. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू यावा एवढी त्यांची कसोटी आहे.

चढउताराचे गणित मात्र स्वतः तपासा, कारण येथे हमखास गफलत होते. उतार १ ला १२ असावा, म्हणजे दीड फूट उंचीच्या ओट्यावर चढायला १८ फूट लांब उतार लागतो. ठेकेदार जागा वाचवण्यासाठी तो सहा-सात फुटांत संपवतो, पिवळा रंग देतो आणि व्हीलचेअरचे चित्र काढतो. असा उतार खाली येणाऱ्याला पाडतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे ओटेच बांधू नयेत. सपाट जागेला उताराची गरजच नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सुगम्यता हा हक्क आहे, त्यामुळे हा मुद्दा बैठकीत विनंती म्हणून मांडू नका. आणि काम सुरू होण्यापूर्वी व्हीलचेअर वापरणारे एक आणि पांढरी काठी वापरणारे एक अशा दोघांना फक्कीच्या आखणीवरून फिरण्याचे निमंत्रण द्या.

शौचालय मसुद्यात अगदी मागच्या कोपऱ्यात, पिंपळाच्या पलीकडे दाखवले आहे. शौचालय दिसू नये अशी आपली सगळ्यांची इच्छा असते आणि त्यामुळे ते बायकांना वापरता येत नाही. ते दर्शनी बाजूला, भाजीवाल्यांच्या जवळ, उजेडात आणि रस्त्यावरून दिसेल असे ठेवा. स्त्रियांचे आणि पुरुषांचे दार एकमेकांसमोर नको. आत पिशवी अडकवायला खुंटी आणि तान्ह्या बाळाला ठेवायला फळी हवी, पॅड टाकायला झाकणाचा डबा हवा. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा प्रकार आपल्या संघाने मुळातच मान्य करू नये; मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या कार्यकर्त्यांनी तो उघडकीस आणला आणि तरीही तो सरसकट थांबलेला नाही. दिवसभर बाहेर काम करणारी बाई शौचालय नसेल तर पाणी पिणे टाळते. कारंज्याची रक्कम या एका गोष्टीकडे वळवली तरी निम्मे काम झाले असे मी म्हणेन.

सुरक्षिततेच्या चर्चेत आणखी दोन विषय निघतील, तरुण जोडपी आणि दारू पिणारे. यांना एकाच यादीत घालू नका. दारूचा बंदोबस्त पोलिसांचे काम आहे आणि तो दिवे, वर्दळ आणि रात्री नऊला चालू असलेला चहाचा ठेला यांनी बराचसा आपोआप होतो. दोन तरुण माणसे शेजारी बसून बोलत असतील तर तो बागेचा योग्य वापर आहे, असे मी महापालिकेच्या बैठकीतही सांगते आणि तेथे थोडा वेळ शांतता पसरते. त्यांना हुसकावणारा पहारेकरी उद्या एकट्या बसलेल्या मुलीलाही ‘इथे का बसलीस?’ असे विचारतो.

पैशांचे म्हणाल तर सगळे एकदम मागू नका. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातली छोटी कामे सुचवता येतात. ते अर्ज भरण्याचा काळ चुकवू नका आणि अर्जावर वस्तीतल्या व पथारीवाल्यांच्याही सह्या घ्या. पहिल्या वर्षी पाराची दुरुस्ती, दर्शनी कट्टा, पाण्याचा दोन उंचींवरचा नळ आणि शौचालय एवढेच करा. एकतृतीयांश जागा दोन पावसाळे तशीच ठेवा. वापर सुरू झाला की ती जागा कशासाठी हवी ते लोकच दाखवतील, आणि तेव्हा आपण बांधलेले काही तोडावे लागणार नाही. एकदम सगळे बांधून उद्घाटन करण्याचा मोह कार्यालयांना असतो, कारण निधी मार्चअखेर संपवायचा असतो. त्याला तोंड देण्यासाठी टप्प्यांचा आराखडा लेखी आणि सह्यांनिशी हाती असलेला बरा.

राहता राहिली देखभाल, म्हणजे खरे तर किल्ली. शौचालयाची, पंपाच्या खोलीची आणि दिव्यांच्या बटणाची किल्ली कोणाकडे राहणार, हे ठरल्याशिवाय कामाला हात लावू नका. संघाच्या पदाधिकाऱ्याकडे दिली तर ती दारामागच्या खिळ्यावर जाते आणि साहेब गावाला गेले की दिवे लागत नाहीत. आमच्या एका जागेत ती किल्ली दारासमोर टेबल टाकून बसणाऱ्या इस्त्रीवाल्याकडे दिली आहे. तो सकाळी सातला येतो, रात्री नऊला जातो, संध्याकाळी दिवे लावणे त्याच्या हाताशी आहे, आणि त्या बदल्यात त्याला विक्रेत्याचा परवाना आणि पावसात टेबलावर छप्पर मिळाले. मे महिन्यात तो गावी जातो तेव्हा किल्ली शेजारच्या फुलवालीकडे जाते. गेल्या नऊ वर्षांत ती एकदाही हरवलेली नाही. आपल्या भूखंडासमोर असा माणूस कोण आहे, ते पहिल्या आठवड्याच्या नोंदींतच दिसेल. त्या नोंदींचे कागद मला आधी पाठवा, मसुद्याचा सुधारित नकाशा त्यानंतर पाहू.